तळव्यांनी निवडलेला जिना

माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या, त्यांतली सगळ्यात देखणी चूक नऊ पायऱ्यांची होती. सागाची, रंधा मारलेली, तेल पाजलेली. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या पायऱ्या. तो जिना मी हट्टानं करून घेतला, गावभर मिरवला, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या सासऱ्यांना जमिनीवर आणून आपटलं.

मी राई गावात सून होऊन आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मराठी चौथी झालेली होते. माझं माहेर चेण्याचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिकडे दारातून बाहेर पाहिलं की झाडं, इकडे आधी शेत, मग मिठागर आणि मग खाडी. राईच्या बायका मला ‘लाकूडतोडी’ म्हणून चिडवायच्या. मी म्हणायची, "मग तुमच्या चुली कशावर पेटतात, बोंबलांवर?" पहिल्या महिन्यातच माझ्या जिभेची कीर्ती गावात पसरली. ती मी आजपर्यंत राखून आहे.

सासरचं घर दुमजली होतं, म्हणजे ऐकायला दुमजली. खाली चूल, भाताचा कणगा, मिठाची पोती, दोन शेळ्या आणि आम्ही सगळे. वर एकच लांब खोली, खाडीच्या बाजूला दोन खिडक्या असलेली. ती सासऱ्यांची. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी घरातल्या सगळ्यांसारखंच बाबा म्हणायची. बाबा तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमानं चालायची. पण मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे हळूहळू नेले आणि होडी काठावर ओढून पालथी घातली गेली. मग बाबांनी जाळी विणायला घेतली. वरच्या खोलीत या आढ्यापासून त्या भिंतीपर्यंत जाळं ताणायचं आणि लाकडी सुई चालवत बसायचं. जाळ्याच्या घरांचं माप बोटांनी घेतात, त्याला डोळे लागत नाहीत. मुर्ध्याची, उत्तनची माणसं त्यांच्याकडे जाळी विणायला टाकायची. बाबांच्या जाळ्यातून मासा सुटला तर ती माशाची हुशारी, बाबांची चूक नव्हे, असं लोक म्हणत. हे बाबांच्या कानावर गेलं की ते दिवसभर खुशीत असायचे.

वरच्या खोलीचा जिना मात्र बघवत नव्हता. खालच्या दोन पायऱ्या दगडाच्या. तिसरी ताडाच्या खोडाची फाळी, तिचे तंतू वर आलेले. त्यावर कुठली तरी खोक्याची फळी, मग एक तडकलेली पायरी जिला कुणीतरी काथ्याची दोरी गुंडाळून जिवंत ठेवलं होतं. एक पुढून झिजून खोलगट झालेली, एक पाय ठेवला की कण्हणारी. जी पायरी मोडेल ती त्या दिवशी हाताशी जे असेल त्यानं दुरुस्त करायची, अशी आमच्या घरची तीन पिढ्यांची कारागिरी. माझ्या माहेरी गोठ्याची शिडीसुद्धा यापेक्षा बरी होती आणि हे मी बोलूनही दाखवलं होतं.

एका सकाळी मी बाबांसाठी पेज घेऊन वर जाताना कण्हणारी पायरी एकदाची मेली. माझी नडगी सोलली, पेज शेळीच्या डोक्यावर. माझे थोरले दीर ओट्यावर बसले होते. थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळे ते शेळीला म्हणाले, "बग, आता बास झाला. म्हाताऱ्याला खाली आना. पडवीत खाट टाकतो, गप पडून राहील."

मीही शेळीलाच सांगितलं, "पडवीत जाळं कुठं ताणायचं तेही विचार गं."

दीर वाईट माणूस नव्हते. बाप पडेल आणि आपल्याला उचलावा लागेल या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. पण पडवी म्हणजे सहा हातांची अंधारी पट्टी. तिथं जाळं ताणता येणार नव्हतं, म्हणजे बाबांच्या हातातली सुई सुटणार होती. डोळे गेले तेव्हा बाबा मोडले नाहीत, कारण हात कामाला लागले. हातही रिकामे झाले तर या माणसाचं काय होईल हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले. बाबा वरच राहतील, आपण जिनाच नवा करू, आणि असा करू की गावानं बघत राहावं.

तेव्हा जगातली दुसरी मोठी लढाई सुरू झालेली होती. बाजारात लाकूड मिळत नव्हतं, खिळे तर सोन्याच्या भावानं. पण काठावर बाबांची होडी पालथी पडलेली होती आणि तिच्या फळ्या अस्सल सागाच्या होत्या. मी बाबांना विचारलं. त्यांनी सुई जाळ्यात अडकवून ठेवली आणि म्हणाले, "काढ. पान्यात न्हाय त घरात तरी चालंल."

ती होडी ज्यानं बांधली होती तोच म्हातारा सुतार आम्ही बोलावला. त्याला घरं बांधायची सवय नव्हती, पण हात सोन्यासारखा. खिळ्यांऐवजी तो लाकडी मेखा ठोकायचा. पायऱ्या विषम हव्यात म्हणून नऊ धरल्या. होडीच्या फळ्या खाऱ्या पाण्यानं काळ्या, खरबरीत झालेल्या. त्यांच्यावर रंधा मारायला मीच लावला. "आणखी मारा, आणखी मारा," म्हणत मी त्याच्या डोक्यावर उभी. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं तेव्हा मला काय वाटलं सांगू! जुन्या जिन्याचे दोन दगड फोडून शेताच्या बांधाला गेले, लाकडं मी आठवडाभर न्हाणीच्या चुलीत घातली आणि ताडाची फाळी किती छान जळते हे शेजारणींना कौतुकानं सांगितलं.

जिना झाला. दोन दिवस बायका नुसता जिना बघायला आल्या. थोरले दीरसुद्धा दोनदा चढून उतरले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत होता. बाबा मात्र भिंतीला हात लावून, एकेक पाय चाचपत, एकदाच उतरत आणि एकदाच चढत. नवा आहे, सवय होईल, असं आम्ही म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उतरताना ते पडले. खाली अजून दोन पायऱ्या शिल्लक होत्या आणि त्यांनी जमीन आली असं समजून सरळ पाऊल टाकलं. मी चुलीपाशी होते. आवाज ऐकून धावले तर बाबा कणग्याला टेकून बसलेले, एक पाय वाकडा. हाड मोडलं नव्हतं, पण घोटा आणि कंबर दुखावली होती. दीरांनी त्यांना उचललं आणि पडवीत खाटेवर ठेवलं. या वेळी ते शेळीला काहीच बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

बाबा तीन आठवडे त्या खाटेवर होते. वर अर्धं विणलेलं जाळं तसंच ताणलेलं होतं आणि त्याचा उत्तनचा मालक दोनदा विचारून गेला. पहिला आठवडा बाबा शिव्या देत होते, ते बरं होतं. दुसऱ्या आठवड्यात ते गप्प झाले. एका सकाळी मी अंथरूण झटकायला गेले तर खाट मधोमध खचलेली. बघते तर बाबांनी पायथ्याची सुंभाची दोरी सोडवून तिची हातभर जाळी विणून ठेवली होती. दीर हसले, नवरा हसला. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी मी बाबांशी भांडले. कुणीतरी म्हणेल, पडलेल्या आंधळ्या सासऱ्याशी भांडायचं का? पण मला स्वतःचा राग आला होता आणि तो दुसऱ्यावर काढायची मला जुनी खोड. मी म्हणाले, "बाबा, जुना जिना मोडका होता, त्यावर तुम्ही कधी पडला नाहीत. हा इतका चांगला केला, सगळ्या पायऱ्या सारख्या, आणि याच्यावरून पडलात! असं काय केलं मी?"

"तेच त केलास, पोरी," बाबा म्हणाले. "समद्या सारख्या."

मला कळेना. मग त्यांनी बोटांवर मोजत जुना जिना मला वरून खाली सांगितला. खोलगट पायरी आली की भिंत उजव्या खांद्याला लागते. दोरीची आली की अर्धा जिना झाला. ताडाची टोचली की पुढं दगड. दगड गार लागला की एक पाऊल आणि मग जमीन. "समद्या पायऱ्या बोलायच्या माझ्याशी. तू जिना मुका केलास. आता मना कलतच न्हाय मी कुठं हाय त."

"मग मोजायचं ना! नऊच तर आहेत."

"मोजत उतरायला मी काय गोनी उचलनारा हमाल हाय?" बाबा चिडले. "मी जिन्यात जाल्याचा इचार करतो. किती घरं झाली, सूत पुरंल का. पाय आपला आपला उतरतो. त्याला कोन सांगत बसंल!"

दुपारी सगळे निजल्यावर मी वर गेले, पदर डोळ्यांवर घट्ट बांधला आणि उतरायला लागले. चार पायऱ्यांपर्यंत मी शहाणी होते. मग रात्रीच्या कालवणाला चिंच आहे की नाही असा विचार मनात आला आणि मी पाचवीवर की सहावीवर ते विसरले. तेलानं गुळगुळीत केलेलं तेच लाकूड, तोच गारवा, तीच कड. पुढं पायरी आहे की जमीन, काही सुगावा नाही. मी तिथंच मटकन बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो हा असा.

संध्याकाळी दीरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की बाबांची पेटी आणि सुया खाली आणा, वरची खोली भातासाठी मोकळी करू. मी मध्ये पडले आणि रीत बाजूला ठेवून सरळ दीरांनाच म्हणाले, "आठ दिवस द्या. आठ दिवसांत बाबा स्वतःच्या पायांनी वर गेले आणि स्वतःच्या पायांनी उतरले नाहीत, तर भात मी माझ्या हातानं वर भरीन."

दीर इतके दचकले की "बरं" म्हणून गेले.

सुताराची समजूत काढणं त्याहून कठीण होतं. पंधरा दिवस खपून सारखा केलेला जिना आता वेडावाकडा करायचा, हे ऐकून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्याच हातानं माझं काम नासवू? दुसरा बघा." मी म्हणाले, "दुसऱ्याला येणार नाही. सारखं कुणालाही करता येतं." हे खरं होतं की नाही देव जाणे, पण तो अवजारांची पिशवी घेऊन आला.

जुना जिना पुन्हा तसाच करणं शक्य नव्हतं, तो मी चुलीत घातला होता. मग मी म्हटलं, नवा बोलका जिना करू आणि काय कुठं बोलेल ते ज्याचे पाय तोच ठरवेल. माझा भाऊ चेण्याहून बैलगाडीनं काळ्या दगडाच्या दोन लाद्या घेऊन आला, टाकीचे घाव तसेच ठेवलेल्या. बरोबर बांबूही आणले. ताड इथलाच, पडलेल्या झाडाचा. काथ्याची दोरी नवऱ्यानं दिली. मी हे सगळं बाबांच्या खाटेपुढं ओळीनं मांडलं, त्यांचे पाय कोमट पाण्यानं धुतले आणि एकेका वस्तूवर तळवा ठेवायला लावला.

तांडेल पुन्हा होडीवर चढला. खाटेवर गप्प पडलेला माणूस हुकूम सोडू लागला. "हा दगड खाली. दोन्ही खाली, त्यांचा गारवा लांबून कलतो. ताड त्याच्या वर. दोरी मधी गुंडाल, पन ढिली नको, ढिली दोरी मानूस मारते." बांबूच्या कांबट्यांवर त्यांनी पाय मागंपुढं केला. "या आडव्या बसव. उभ्या बसवल्यास त पाय सुटंल." सागाच्या फळीवर पाय ठेवून त्यांनी विचारलं, "ही माझी होरी?" मी हो म्हटलं. "किती घासलीस गं हिला!" ते म्हणाले. मी सुताराकडं पाहिलं. त्यानं लाकूड तासायचा वाकस घेतला आणि दोन पायऱ्यांच्या गुळगुळीत पाठीवर बारीक टवके काढायला लागला.

सगळ्यात जास्त विचार वरच्या तोंडाचा झाला. जिना कुठं सुरू होतो हे वरून उतरणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. पहिल्या पायरीच्या अलीकडे लाकडी चौकट ठोकून तिच्यात शिंपल्यांचा चुना भरला आणि कालवणात खाऊन उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या पालथ्या दाबल्या. एकेक शिंपली मी दाबली आणि धार लागत नाही ना हे आधी माझ्या तळव्यानं बघितलं. बाजूच्या दोन्ही तुळया खालून कापून दगड चुन्यात बसवले. खालून वर असा जिना झाला: दोन दगड, ताड, टवक्यांचा साग, दोरी, साधा साग, बांबू, पुन्हा टवक्यांचा साग, पुन्हा साधा, आणि वर शिंपल्या. ज्या बायका आधी कौतुक करायला आल्या होत्या त्याच आता येऊन म्हणाल्या, "अगो बाय, हे काय, गोधडी शिवलीस काय?" मी म्हटलं, "हो. ऊब ज्याला लागायची त्याला लागेल."

आठव्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत जिन्यापाशी गेले. मी मागं उभी राहिले तर म्हणाले, "लांब सरक. तुझ्या श्वासानं मना काय ऐकू येत न्हाय." ते चढले. एकेका पायरीवर थांबून, तळवा घासून, तिचं नाव घेत. दोरीवर जरा जास्त थांबले. वर शिंपल्यांवर पाय पडला तसे हसले आणि जाळ्याकडे गेले. थोड्या वेळानं सुईचा आवाज सुरू झाला.

पण चढणं म्हणजे काहीच नव्हे. ते पडले होते उतरताना. दुपारी दीर शेतावरून लवकर आले आणि जिन्याच्या पायथ्याशी, बाप कोसळला तर झेलता येईल असे उभे राहिले. नवरा दारात. मी भाकरी थापत होते आणि पहिलीच भाकरी करपली. दीरांनी मला हातानं खूण केली, बोलव. मी हाक मारली, "बाबा, जेवायला या."

सुई थांबली. शिंपल्यांवर पाय वाजला. आणि बाबा बोलत बोलतच उतरायला लागले. "त्या उत्तनवाल्याला सांगा, सूत कच्चं दिलाय. ओलं झालं का गाठ सरकते. असं सूत मी माझ्या होरीवर घेतला नसता. त्याला म्हनावं, दुसरं आन, न्हायतर जालं तसंच ने." काठी काखेत, एक हात हवेत, त्या हाताच्या बोटांनी ते सरकणारी गाठ दाखवत होते. बांबू गेला, दोरी गेली, ताड गेला. दोन दगड उतरून ते सरळ जमिनीवर आले, दीरांच्या अंगावरच आदळले आणि म्हणाले, "वाटंत कशाला उभा रे? पान मांड."

दीरांनी पान मांडलं. बाबांनी त्या कच्च्या सुताला शेवटच्या घासापर्यंत नावं ठेवली, हात धुतले आणि पुन्हा वर गेले.

त्या दिवशी त्यांनी जिन्याचा एक शब्द काढला नाही. मी पहाटेपासून शाबासकीची वाट बघत होते. वरून सुईचा आवाज यायला लागला तशी मी करपलेली भाकरी हातात घेऊन चुलीपाशी बसले आणि रडले. बाबा जिना विसरून गेले होते. याहून मोठं काही मला कधी कुणाकडून मिळालेलं नाही.